तळ्यातील फेस आणि खडकातील तेल

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाचे सुमारे नऊशे एकरांचे तळे आहे. शहराच्या मोठ्या भागातील सांडपाणी वाहत येऊन या तळ्यास मिळते. २०१५ सालाच्या सुमारास या तळ्याचे नाव देशभर गाजले, ते त्याच्या शोभेमुळे नव्हे. मोठा पाऊस झाला की त्याच्या सांडव्यापाशी पांढऱ्या फेसाचे ढीग उभे राहत आणि वाऱ्याबरोबर तो फेस लगतच्या रस्त्यांवर येऊन पडे. हा फेस ज्या पदार्थांमुळे होतो, त्यांच्याच वर्गातील पदार्थ भूगर्भातील खडकात अडकलेले खनिज तेल सोडवण्यासाठी योजले जातात. एके ठिकाणी उपद्रव आणि दुसऱ्या ठिकाणी उपयोग करणारे हे पदार्थ कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शास्त्रीय परिभाषेत त्यांना पृष्ठक्रियाकारके म्हणतात. नाव नवे वाटले तरी वस्तू आपल्या घरात जुनीच आहे. रिठा किंवा शिकेकाई पाण्यात चोळली असता फेस येतो, तो त्यांतील याच जातीच्या द्रव्यांमुळे. साबण व कपडे धुण्याची चूर्णेही याच वर्गात मोडतात. अशा पदार्थाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सख्य राखते, तर दुसरे, शेपटीसारखे लांब टोक पाणी टाळून तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे जेथे पाण्याची सीमा तेलाशी, हवेशी किंवा एखाद्या घन पदार्थाशी भिडते, तेथे हा रेणू जाऊन बसतो. सीमेवर जाऊन बसणे हाच त्याचा स्वभाव होय. त्याचे गुण आणि दोष या एकाच स्वभावातून उद्भवतात.

आता खडकाकडे वळू. खनिज तेल भूगर्भात तळ्यासारखे साचलेले असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, ओल्या विटेतील पाण्याप्रमाणे, सामावलेले असते. विहीर खणल्यावर प्रथम काही तेल भूगर्भातील दाबाने वर येते. पुढे खडकात पाणी दडपून आणखी काही मिळवता येते. तरीही सामान्यतः मूळ साठ्यापैकी निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. याचे एक प्रमुख कारण तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताण हे आहे. हा ताण दर मीटरला सुमारे २० ते ३० मिलिन्यूटन इतका असतो. त्यामुळे तेलाचे थेंब अरुंद छिद्रमुखांशी अडून राहतात आणि पाणी त्यांना वळसा घालून निघून जाते. योग्य पृष्ठक्रियाकारक पाण्यात मिसळले, तर हा ताण ०.००१ मिलिन्यूटनापर्यंतही उतरवता येतो. मग थेंब सहज लांबतो आणि अरुंद वाटेतून निसटतो.

खडकातून द्रव किती सुलभपणे वाहतो, या गुणास पार्यता म्हणतात. १८५६ साली वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध करणारे फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांच्या नावावरून तिचे एकक ‘डार्सी’ ठरले. काही वालुकाश्मांची पार्यता एक डार्सीहूनही अधिक असते. उलट अत्यंत घट्ट खडकांत ती डार्सीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरते. अशा खडकात नुसते पाणी दडपणेही कठीण. मग पाणी दाट करणारी, लांबलचक रेणूंची बहुवारिके तेथे छिद्रेच बुजवण्याचा संभव असतो. म्हणून तेथे पृष्ठक्रियाकारकांकडे विशेष आशेने पाहिले जाते.

चुनखडकात त्यांचा आणखी एक उपयोग होतो. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली सापडलेले ‘मुंबई हाय’ हे आपले प्रसिद्ध तेलक्षेत्र चुनखडकाच्या थरांतच आहे. जगातील पुष्कळ चुनखडकांची छिद्रे आतून तेलाच्या अम्लद्रव्यांनी माखलेली असतात. अळवाच्या पानावर जसे पाणी पसरत नाही, तसे अशा खडकात ते शिरत नाही. पृष्ठक्रियाकारकाने हा तेलकट थर दूर केला, म्हणजे दिव्याची वात तेल शोषते त्याप्रमाणे खडक आपण होऊन पाणी शोषू लागतो आणि आतले तेल बाहेर लोटतो. मात्र येथे ताण अतिशय कमी करूनही चालत नाही. कारण शोषण्याची शक्ती त्या ताणातूनच येते.

या उपायातील मोठी अडचण त्या रेणूच्या स्वभावातच आहे. सीमा शोधणाऱ्या रेणूस खडकाची भिंत हीदेखील सीमाच होय. तो तिला चिकटून बसतो. यास अधिशोषण म्हणतात. छिद्रे जितकी बारीक, तितके भिंतींचे एकूण क्षेत्रफळ अधिक. म्हणजे ज्या घट्ट खडकात या पदार्थाची गरज सर्वांत जास्त, तेथेच तो वाटेत सर्वांत जास्त खर्ची पडण्याची भीती असते.

बेळ्ळंदूरचे तळे याच गोष्टीची साक्ष देते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या तळ्याचे अनेक वर्षे निरीक्षण केले. सांडपाण्यातील पृष्ठक्रियाकारकांचा काही भाग तळ्यात विघटन पावतो आणि उरलेला गाळाच्या कणांना चिकटून तेथे साठत जातो, असे त्यांना आढळले. जोराचा पाऊस आला की गाळ ढवळला जातो, साठलेले द्रव्य पुन्हा पाण्यात येते, आणि सांडव्यावरून उंचावरून पडताना त्या पाण्याचा फेस होतो.

तेलक्षेत्रात या चिकटण्यावर एक साधा उपाय आहे. पाण्यात धुण्याचा सोडा मिसळला असता खडकाच्या भिंतीवरील विद्युत्भार बदलतो आणि अनेक पृष्ठक्रियाकारके तिला कमी चिकटतात. सोडा, पृष्ठक्रियाकारक आणि बहुवारिक यांच्या मिश्रणाचा प्रयोग गुजरातमधील विराज तेलक्षेत्रात २००२ साली हाती घेण्यात आला होता.

आपला देश आपल्या गरजेच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. जुन्या विहिरींखाली उरलेल्या तेलाचे मोल त्यावरून कळून येईल. परंतु खडकात सोडलेले द्रव्य नाहीसे होत नाही. काही भिंतींना चिकटते, तर काही तेलाबरोबर वर आलेल्या पाण्यात उतरते. त्या पाण्याची व्यवस्था शुद्धीकरणावाचून केली, तर एका ठिकाणचा लाभ दुसऱ्या ठिकाणचा उपद्रव होईल. किती तेल वर आले, हा हिशेब जितका आवश्यक, तितकाच खाली सोडलेले द्रव्य शेवटी कोठे गेले, हा हिशेबही आवश्यक आहे.