चूक पोळीची की सुनेची?

चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळवणारी लेक हौसेनं कला महाविद्यालयात जाते आणि पहिल्याच सत्रात डोळे पुसत घरी येते. “सगळ्यांसमोर सर म्हणाले, रंग मळलेत!”

आईच्या पोटात कालवतं. पण या शिक्षणाची रीतच तशी आहे. अहमदाबादच्या १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसारख्या ठिकाणीही काम मांडून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. याला ‘ज्युरी’ म्हणतात. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी सापडतं. चित्राचं तसं नाही. दुसऱ्याच्या नजरेला काय दिसलं, ते ऐकूनच कळतं.

अडचण एवढीच की, रात्र रात्र जागलेल्या मुलीला ‘रंग मळलेत’ हे ‘तुला जमत नाही’ असं ऐकू येतं.

अशा वेळी ‘सोड ते कॉलेज’ म्हणू नका, आणि ‘सरांनाच काही कळत नाही’ असंही नको. आधी गरम वरणभात, मग झोप. सकाळी विचारा, “नेमकं काय म्हणाले? चित्रात कुठे?” पुढच्या ज्युरीला मैत्रिणीनं ते शब्द वहीत टिपून घ्यावेत, उभं राहणारीच्या लक्षात निम्मं राहत नाही.

वहीत सुधारण्याजोगं काहीच नसेल, नुसता पाणउतारा असेल, तर मात्र तो गिळायला लावू नका. विभागप्रमुखांच्या कानावर घाला.

पहिली पुरणपोळी फाटली तेव्हा ‘कणीक घट्ट झाली’ म्हणणारी सासू आणि ‘माहेरी काही शिकवलं नाही का?’ म्हणणारी सासू, यांतला फरक आपल्याला का ठाऊक नाही?