बर्फावरील गोलरक्षक : हेन्रिक लुंडक्विस्ट यांची कारकीर्द

प्रस्तावना

चरित्रपर लेखात घटनांची केवळ जंत्री नसते, तर घटनांची निवड आणि त्यांचा अर्थ यांना महत्त्व असते. क्रीडापटूविषयी लिहिताना ही निवड अधिक कठीण होते. विजय, विक्रम आणि पदके यांचे आकडे सहज हाती लागतात आणि तेवढ्यावरच लेख उरकण्याचा मोह होतो. या घटकात आपण स्वीडनचे बर्फावरील हॉकीचे गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट यांच्या कारकिर्दीचा परिचय करून घेणार आहोत. आपल्या खेळातील सर्वांत मानाचा व्यावसायिक चषक त्यांना एकदाही जिंकता आला नाही. तरीही त्यांची गणना श्रेष्ठ गोलरक्षकांत होते. हे कसे, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

खेळाचे स्वरूप

मैदानी हॉकी तुम्हांला परिचित आहे. बर्फावरील हॉकीत चेंडूऐवजी कठीण रबराची सपाट चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन साधारण १७० ग्रॅम असते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात आणि सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो. अन्य खेळाडू दर मिनिटाला आलटून-पालटून बाहेर येतात आणि विसावा घेतात. गोलरक्षक मात्र सहसा साठही मिनिटे आपल्या जागी असतो. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा चौकटीचे रक्षण त्याला करायचे असते आणि चांगल्या खेळाडूच्या फटक्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो.

या स्थानाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. आघाडीच्या खेळाडूची चूक पुढच्या क्षणी विसरली जाते, पण गोलरक्षकाची चूक थेट धावफलकावर नोंदवली जाते. पुढील विवेचन समजून घेताना ही बाब उपयोगी पडेल.

जडणघडण

हेन्रिक यांचा जन्म २ मार्च १९८२ रोजी स्वीडनमधील ओरे या डोंगराळ भागात झाला. ते जुळे होते आणि त्यांचे बंधू योएल काही मिनिटांनी थोरले. प्रशिक्षकांनी गोलरक्षक कोण होणार असे विचारले तेव्हा योएल यांनीच हेन्रिक यांचा हात धरून वर केला, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे योएल आघाडीचे खेळाडू झाले आणि दोघे बंधू गोथेनबर्ग शहरातील फ्रोलुंडा या संघाकडून खेळू लागले.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये नवोदित खेळाडूंची दरवर्षी क्रमाने निवड होते. २००० साली न्यूयॉर्क रेंजर्स या संघाने हेन्रिक यांना सातव्या फेरीत निवडले. एकूण क्रमात ते २०५वे होते. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडूही गोलरक्षकच होता. त्याचे नाव रिक डिपिएत्रो. त्याची कारकीर्द दुखापतींमुळे खंडित झाली. या तुलनेतून एकाला थोर आणि दुसऱ्याला लहान ठरवायचे नाही. अठरा वर्षांच्या मुलाविषयी वर्तवलेले भाकीत किती अपुरे असते, एवढेच त्यातून घ्यावे.

निवड होऊनही हेन्रिक लगेच अमेरिकेस गेले नाहीत. पाच वर्षे ते स्वीडनमध्येच खेळले. या काळात फ्रोलुंडा संघाने २००३ आणि २००५ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. सातव्या फेरीतील नाव ते देशातील अग्रगण्य गोलरक्षक हे अंतर त्यांनी या पाच वर्षांत कापले. चरित्रकार अनेकदा असा काळ दोन ओळींत संपवतात. वास्तविक कारकिर्दीची घडण अशाच काळात होत असते.

उत्कर्ष

ऑक्टोबर २००५मध्ये हेन्रिक रेंजर्सकडून पहिला सामना खेळले. दुय्यम गोलरक्षक म्हणून आलेल्या या तरुणाने पहिल्याच मोसमात तीस विजय मिळवले. त्याच मोसमात, फेब्रुवारी २००६मध्ये, तुरीन येथील हिवाळी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात स्वीडनने फिनलंडला ३-२ असे हरवले. तिसऱ्या सत्राच्या प्रारंभीच निकलास लिडस्ट्रॉम यांनी निर्णायक गोल केला होता, पण ती आघाडी टिकली ती हेन्रिक यांनी अखेरच्या क्षणांत ओली योकिनेन यांचा फटका अडवल्यामुळे. तेव्हा त्यांना चोविसावे वर्षही लागलेले नव्हते, असे नव्हे. ते पूर्ण व्हायला मात्र काही दिवस उरले होते.

त्यांच्या शैलीविषयी थोडे विस्ताराने पाहू. गुडघे बर्फावर टेकवून दोन्ही पाय बाजूंना पसरण्याच्या पद्धतीला ‘फुलपाखरू’ पद्धत म्हणतात. तिच्यामुळे चौकटीचा खालचा भाग झाकला जातो. ही पद्धत अनेकांची होती. हेन्रिक यांचे वेगळेपण उभे राहण्याच्या जागेत होते. बहुतेक गोलरक्षक पुढे सरकून फटक्याचा कोन कमी करतात. हेन्रिक चौकटीच्या आत, खोलवर थांबत. त्यामुळे मागची अधिक जागा उघडी राहण्याचा धोका होता. पण चकती पाहण्यास क्षणभर अधिक अवधी मिळे आणि ती एका बाजूकडून दुसरीकडे गेल्यास कमी अंतर सरकावे लागे. ही पद्धत तीव्र प्रतिक्षिप्त हालचालींवरच्या विश्वासावर उभी होती.

२०११-१२च्या मोसमात त्यांनी ३९ सामने जिंकले आणि लीगमधील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकास दिला जाणारा व्हेझिना करंडक मिळवला. १९८५ साली पेले लिंडबर्ग यांना तो मिळाल्यानंतर हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश गोलरक्षक ठरले.

न मिळालेला चषक

२०१४ साली रेंजर्स संघ स्टॅनली चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. लॉस एंजेलिस किंग्जने ती मालिका ४-१ अशी जिंकली. हा आकडा एकतर्फी वाटतो. परंतु चारपैकी तीन पराभव अतिरिक्त वेळेत झाले आणि त्या तीनही सामन्यांत रेंजर्स कधी ना कधी आघाडीवर होते. शेवटचा सामना दुसऱ्या अतिरिक्त सत्रापर्यंत लांबला. त्यात हेन्रिक यांच्यावर ५१ फटके आले. त्यांनी ४८ अडवले आणि संघ ३-२ असा हरला. निकाल सत्य सांगतो, पण संपूर्ण सत्य सांगत नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचित सापडेल.

आकड्यांचे वाचन कसे करावे हेही येथे शिकण्यासारखे आहे. लीगमधील ८८७ सामन्यांत हेन्रिक यांच्या नावावर ४५९ विजय आहेत. निवृत्तीच्या वेळी युरोपात जन्मलेल्या गोलरक्षकांमध्ये हा उच्चांक होता. पण विजय संघाचा असतो. गोलरक्षकाच्या स्वतःच्या कामाच्या अधिक जवळ जाणारा आकडा अडवलेल्या फटक्यांचा असतो. त्यांनी आपल्या कारकिर्दीत दर हजार फटक्यांपैकी सुमारे ९१८ अडवले, तेही पंधरा मोसम एकाच संघाकडून खेळताना.

२०१७ साली कोलोन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्वीडनने कॅनडाला हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात हेन्रिक आणि योएल हे दोघेही बंधू होते.

अखेर

२०२०च्या सप्टेंबरअखेर रेंजर्सने त्यांचा करार मुदतीपूर्वी संपवला. ते वॉशिंग्टन कॅपिटल्स संघात दाखल झाले. परंतु हृदयविकारामुळे खेळता येणार नाही, असे त्यांनी डिसेंबरमध्ये जाहीर केले. जानेवारी २०२१मध्ये त्यांच्यावर हृदयाची खुली शस्त्रक्रिया झाली. पुनरागमनासाठी त्यांनी सराव सुरू केला, पण प्रकृतीने साथ दिली नाही. ऑगस्ट २०२१मध्ये ते निवृत्त झाले. नव्या संघासाठी ते एकही सामना खेळू शकले नाहीत. जानेवारी २०२२मध्ये रेंजर्सने त्यांचा ३० हा क्रमांक कायमचा राखून ठेवला आणि २०२३ साली हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

समारोप

मध्यवर्ती प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चषक हा संघाच्या एका मोसमाचे माप आहे, तर कारकीर्द ही व्यक्तीच्या अनेक मोसमांची असते. एकाचे माप दुसऱ्यास लावले की लेखक अन्याय करतो. त्याचबरोबर न मिळालेल्या चषकाचा उल्लेख टाळणे हाही अन्यायच, कारण ते अपयश वगळले तर २०१४च्या त्या ४८ बचावांचे मोलही कळत नाही. चरित्रलेखनातील प्रामाणिकपणा या दोन टोकांमधून वाट काढतो.

स्वाध्याय

१. ‘निकाल सत्य सांगतो, पण संपूर्ण सत्य सांगत नाही’ हे विधान प्रस्तुत घटकातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. विजयांची संख्या आणि अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
३. तुमच्या परिचयाच्या एखाद्या खेळाडूविषयी तीनशे शब्दांत चरित्रपर लेख लिहा. त्यात किमान एका अपयशाचा अर्थ उलगडून दाखवा.