उरलेल्या ३० क्रेडिटचा प्रश्न

अमेरिकेत सीपीए, म्हणजे परवानाधारक लेखापाल व्हायचे तर बहुतेक राज्यांत १५० सेमिस्टर क्रेडिट लागत आले आहेत. चार वर्षांची पदवी मात्र साधारण १२० क्रेडिटवर संपते. उरलेल्या ३० साठी महागडी पदव्युत्तर पदवीच हवी, हा समज चुकीचा आहे. लेखाशास्त्र आणि व्यवसायविषयक क्रेडिटची ठरलेली संख्या भरली, की बाकीचे कोणत्या विषयाचे असावेत याचे बंधन अनेक राज्ये घालत नाहीत. म्हणूनच कम्युनिटी कॉलेजचे स्वस्त ऑनलाइन वर्ग किंवा कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ परीक्षा हे झटपट मार्ग रुळले.

घाईने जमवलेल्या क्रेडिटमुळे लेखापाल कच्चे राहतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण त्याचा रोख शेवटी नियमाकडेच वळतो. चार भागांची परीक्षा सर्वांना सारखीच आहे आणि प्रमाणित कामाचा अनुभवही सर्वांना लागतोच. ज्या नियमाला भूगोलाचा वर्गही चालतो, तो लेखापरीक्षणाचे कौशल्य मोजत नाही, उमेदवाराकडचा वेळ आणि पैसा मोजतो. ओहायोने २०२५ मध्ये पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव हा पर्याय कायद्याने मान्य केला, हे योग्यच झाले. आपल्याकडच्या बीकॉम पदवीधरांनी मात्र अधिक जपून पावले टाकावीत: तीन वर्षांची पदवी अनेकदा ९० क्रेडिटचीच धरली जाते, आणि परीक्षेतून मिळवलेले क्रेडिट प्रत्येक राज्य स्वीकारतेच असे नाही. शुल्क भरण्याआधी त्या राज्याच्या लेखा मंडळाकडून लेखी उत्तर घ्यावे.