खिशातला घडीचा चाकू: आकाराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथून रोज नोकरीसाठी प्रवास करणाऱ्यांपैकी काहींच्या पिशवीत फळ कापण्यासाठी, पार्सलची चिकटपट्टी उघडण्यासाठी किंवा सुतळी तोडण्यासाठी घडीचा चाकू, म्हणजे ज्याचे पाते मुठीच्या खाचेत मिटून बसते असा चाकू, असतो. तो किती मोठा असावा, या प्रश्नाची सर्रास दिली जाणारी उत्तरे मात्र बहुधा कायद्याच्या अर्धवट माहितीवर आधारलेली असतात. चाकूचा आकार हात आणि काम पाहून ठरवायचा असतो, तर तो बाळगावा की नाही हे स्थळ, काळ आणि हेतू यांवर ठरते; या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेच पुढील गैरसमज रूढ झाले आहेत.

गैरसमज १: पाते नऊ इंचांपेक्षा लहान असेल तर चाकू कुठेही बाळगता येतो.

वस्तुस्थिती: शस्त्र अधिनियम, १९५९ खालील शस्त्र नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत ९ इंचांहून (सुमारे २२.९ सेंटीमीटर) लांब किंवा २ इंचांहून (सुमारे ५.१ सेंटीमीटर) रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. ही मर्यादा शस्त्रांच्या वर्गीकरणासाठी आहे. तिच्या आतला प्रत्येक चाकू प्रत्येक ठिकाणी नेण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही. महाराष्ट्रात त्याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ लागू आहे आणि त्याच्या कलम ३७(१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी मनाई आदेश काढून शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या, तसेच शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी घालू शकतात. या कलमात पात्याच्या लांबीची कोणतीही अट नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात आणि तेथे सण, मोर्चे, निवडणुका अशा प्रसंगी असे आदेश वेळोवेळी निघतात. अशा आदेशाचा भंग झाल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो.

गैरसमज २: देशभर तीन इंचांची मर्यादा आहे.

वस्तुस्थिती: या समजाचे मूळ दिल्लीतील १९८० च्या एका अधिसूचनेत आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ नुसार केंद्र सरकार एखाद्या विशिष्ट प्रदेशापुरते वेगळे निर्बंध लागू करू शकते आणि त्या अधिकारात निघालेल्या या अधिसूचनेने ७.६२ सेंटीमीटर किंवा अधिक लांब व १.७२ सेंटीमीटर किंवा अधिक रुंद पात्याच्या, बटणाने, गरारीने किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंच्या निर्मिती व विक्रीवर निर्बंध आणले. ७.६२ सेंटीमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. त्यामुळे हा आकडा देशभर पसरला, पण त्यामागची दिल्लीपुरती व्याप्ती आणि यांत्रिक चाकूंची अट मागे राहिली.

गैरसमज ३: पाते जितके लांब, तितका चाकू अधिक उपयोगी.

वस्तुस्थिती: रोजच्या बहुतेक कामांना पात्याचा टोकाकडचा भागच लागतो, खोक्यावरची पट्टी, औषधाचे पाकीट, दोरा किंवा सुतळी यांसाठी ४ ते ५ सेंटीमीटर पाते पुरते, तर सफरचंद, पेरू किंवा आंबा कापायचा असेल तर ६ ते ७ सेंटीमीटर सोयीचे पडते, कारण तेवढ्या पात्याने फळ फिरवत सहज दोन भाग करता येतात. पाते मुठीत मावावे लागत असल्यामुळे मूठ नेहमी पात्याहून लांब असते: फ्रान्समधील ओपिनेल कंपनीच्या आठ क्रमांकाच्या चाकूचे पाते ८.५ सेंटीमीटर आहे आणि मिटल्यावर तो सुमारे ११ सेंटीमीटर भरतो, तर स्विस बनावटीच्या व्हिक्टोरिनॉक्सचे प्रचलित मध्यम चाकू मिटून ९.१ सेंटीमीटर होतात. प्रौढ माणसाच्या तळहाताची रुंदी साधारण ८ ते ९ सेंटीमीटर असल्याने चारही बोटे मुठीवर नीट बसायची असतील तर मूठ ९ ते १० सेंटीमीटर हवी. म्हणून खरेदी करताना आधी मूठ हातात धरून पाहावी आणि मग पाते मोजावे.

गैरसमज ४: लहान चाकू आपोआप सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती: सुरक्षितता लांबीपेक्षा पाते कसे धरून ठेवले आहे यावर अधिक अवलंबून असते. साध्या घडीच्या चाकूत पाते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते, त्यामुळे टोक रोवताना किंवा पात्याच्या पाठीवर जोर आल्यास ते बोटांवर मिटू शकते. लॉक असलेल्या चाकूत पाते उघडल्यावर एखादी पट्टी किंवा कडी ते अडवते. ओपिनेलच्या मुठीच्या टोकाशी असलेली फिरती कडी १९५५ पासून हेच काम करते. बोथट धार हेही अपघाताचे कारण आहे, कारण बोथट पात्यावर अधिक जोर द्यावा लागतो आणि ते घसरते. कोकणपट्टीच्या दमट हवेत साध्या कार्बन पोलादाला लवकर गंज चढत असल्याने, नियमित पुसून तेल लावण्याची सवय नसेल तर गंजरोधक पोलादाचे पाते निवडावे. मात्र ओले मिटले तर तेही गंजू शकते.

गैरसमज ५: स्वसंरक्षणासाठी थोडा मोठा, खटक्याचा चाकू जवळ असावा.

वस्तुस्थिती: भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील खासगी बचावाचा हक्क हल्ल्याच्या प्रसंगी केलेल्या कृतीला लागू होतो, त्याआधारे हत्यार बाळगण्याचा परवाना मिळत नाही. घडीचा चाकू कामाचे साधन म्हणून पिशवीत असणे आणि वार करण्यासाठी तो जवळ ठेवणे यांतील फरक कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात गुन्ह्याच्या हेतूने धोकादायक हत्यार बाळगणे हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार स्वतंत्र अपराध आहे. गर्दीच्या डब्यात उघडलेले पाते बाळगणाऱ्यासह सगळ्यांनाच धोक्यात घालते. खटका दाबताच पाते बाहेर उसळणारी रचना फळ कापण्यात कोणतीही भर घालत नाही, उलट संशय मात्र वाढवते.

गैरसमज ६: घराजवळ चालणारा चाकू प्रवासातही चालतो.

वस्तुस्थिती: डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारा प्रवासी ठाणे पोलीस आयुक्तालय, मुंबई लोहमार्ग पोलीस आणि मुंबई पोलीस अशा तीन यंत्रणांच्या हद्दींतून जातो, त्यामुळे एका हद्दीत मनाई आदेश नसला तरी दुसरीकडे तो लागू असू शकतो. विमानात हातातील सामानात चाकू नेता येत नाही. तो नोंदणीच्या सामानातच ठेवावा लागतो.

यावरून या परिसरातील रोजच्या वापरासाठी व्यवहार्य निवड अशी ठरते: पाते ५ ते ७ सेंटीमीटर, मूठ चार बोटे बसतील एवढी, पाते हाताने उघडणारे आणि शक्यतो लॉक असलेले. असा चाकूही खिशाला अडकवून मिरवण्याऐवजी डब्यासोबत पिशवीत मिटून ठेवावा, आणि मनाई आदेश जाहीर झाल्याचे कळताच, त्याची लांबी कितीही कमी असली तरी, तो घरीच ठेवावा.