जुन्या मोटारीचा आंस

ज्या घरांत एखादी मोटार वीस-पंचवीस वर्षें टिकली, त्या घरांत ती नुसतें वाहन राहत नाहीं. मुलींच्या पाठवणीला, गणपति आणण्याला आणि रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसाला इस्पितळांत नेण्याला जी उपयोगी पडली, ती गाडी भंगारांत काढावयाची म्हटलें कीं वडील मंडळींचा जीव खालींवर होतो. हा जिव्हाळा स्तुत्य आहे. परंतु त्याला माहितीची जोड नसली, तर भलत्याच ठिकाणीं काटकसर करण्याची बुद्धि होते. मोटारीच्या ज्या अवयवाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि ज्याच्या मजबुतीवर घरच्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते, त्या आंसाविषयीं म्हणूनच येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आंसाचें काम

बैलगाडीचा आंस स्वतः फिरत नाहीं. तो भार तेवढा वाहतो आणि चाकें त्याच्याभोंवतीं फिरतात. मोटारीच्या आंसाला मात्र चाकांना फिरवावेंहि लागतें. परळ-लालबागच्या गिरण्यांत एके काळीं एका इंजिनाची शक्ति लांबच लांब शाफ्टावरून आणि पट्ट्यांवरून अनेक यंत्रांना वांटली जाई. त्याच तत्त्वाचें हें लहान रूप होय. इंजिनाची शक्ति गिअरपेटींतून डिफरन्शियल नांवाच्या दंतचक्रांत येते. तेथें तिच्या दोन वांटण्या होतात आणि दोन अर्ध्या आंसांवाटे ती दोन चाकांना पोंचते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावें लागतें, म्हणून ही वांटणी आवश्यक असते. भरलेली गाडी मलबार हिलच्या चढावर पहिल्या गिअरमध्यें सुरू करतांना इंजिनाचा जोर कित्येक पटींनीं वाढून ह्या आंसांना पिळूं पाहतो. असा पीळ वर्षानुवर्षें सोसून पोलादहि थकतें.

दोन पिढ्या, दोन तऱ्हा

मुंबईच्या जुन्या गाड्यांत आंसाच्या दोन तऱ्हा आढळतात. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊं लागली. तीच पुढें १९७४ च्या सुमारास पद्मिनी ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. हिचें इंजिन पुढें, पण जोर मागच्या चाकांना. हिचे दोन्ही अर्धे आंस एका पोलादी नळीवजा कवचांत तेलाच्या सान्निध्यांत फिरतात. चाक आंसाच्या टोकालाच जोडलेलें असल्यामुळें त्याला पीळ आणि भार हीं दोन्ही सोसावीं लागतात.

डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आली आणि पुढच्या चाकांना जोर देण्याची रीत घरोघर पोंचली. पुढचीं चाकें वळतात आणि वरखालींहि होतात. त्यामुळें तेथें आंसाच्या दोन्ही टोकांना वाकूं शकणारे सांधे लागतात. बाहेरच्या सांध्यांत पोलादी गोळ्या खांचांतून सरकत असतात, आणि चाक कितीहि वळलें तरी त्याचा वेग एकसारखा राहतो. आल्फ्रेड रझेपा ह्या अभियंत्यानें १९२६ च्या सुमारास काढलेली ही युक्ति आज जगांतील असंख्य गाड्यांत आहे. ह्या सांध्याचें ग्रीज टिकून राहावें म्हणून त्यावर घडीचा रबरी बूट चढविलेला असतो.

दुखण्याचीं लक्षणें

चाक पूर्ण वळवून गाडी हळूं चालवितांना कट्-कट् असा आवाज आला, तर पुढचा बाहेरचा सांधा झिजला असें समजावें. सरळ रस्त्यावर वेग वाढवितांना गाडी थरथरली, तर आंतल्या सांध्याचा संशय घ्यावा. मागच्या आंसाच्या गाडींत वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. मागच्या ब्रेकवर तेल उतरलें असेल तर ऑइल सील गेलें, हें ओळखावें. हें तेल ब्रेकची पकडच घालवितें, म्हणून त्याची उपेक्षा करूं नये.

मुंबईच्या पावसाचा येथें विशेष विचार केला पाहिजे. हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यांतून गाडी काढली, तर मागच्या आंसाच्या कवचांत श्वासछिद्रावाटे पाणी शिरूं शकतें आणि तेल दुधासारखें पांढरट होतें. फाटक्या बुटावाटे चिखल आंत गेला, तर चांगला सांधाहि लवकरच निकामी होतो. पावसाळ्यापूर्वीं बूट तपासणें आणि पाण्यांतून गेल्यावर तेल पाहणें हीं दोन कामें केलीं, तरी पुष्कळ खर्च वांचतो.

काय सुधारावें, काय टाकावें

बेअरिंग, सील, बूट, बुटाचे पट्टे आणि ग्रीज ह्या वस्तु झिजण्यासाठींच असतात. त्या निःशंकपणें बदलाव्या. सांधा खोलून, धुऊन, गोळ्या व खांचा उजेडांत निरखाव्या. त्या गुळगुळीत असल्या तर नवें ग्रीज भरून तोच सांधा पुन्हां चालतो. खड्डे दिसले तर सबंध सांधा बदलावा. बेअरिंग दाबयंत्रानेंच बसवावें, हातोड्यानें नव्हे.

खुद्द आंसाची गोष्ट निराळी आहे. तो लेथवर धरून सरळ आहे कीं नाहीं हें पाहतां येतें. बारीक तडा लोहचुंबकाच्या कसोटीनें उघडकीस येतो. टोंकाच्या दातांच्या रेषा तिरप्या दिसल्या, तर पोलादाला कायमचा पीळ बसला असें समजावें. असा आंस, किंवा तडा गेलेला आंस, वेल्डिंगनें जोडून घेऊं नये. चांगल्या आंसाची कातडी कठीण आणि गाभा चिवट राखलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें पोलादाला दिलेलें पाणी उतरतें. वरून टांका कितीहि सुबक दिसो, त्याच्या शेजारचा भाग दुर्बळ होतो. मागच्या चाकाचा आंस बेअरिंगच्या बाहेर मोडला, तर चाकच निसटून जाऊं शकतें. तें कोठें निसटेल, आणि त्या वेळीं गाडींत कोण असेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

मोह टाळण्याची वेळ

हा इशारा आजच देण्याचें कारण आहे. ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळें, ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. हजारों काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या गरजेमुळें ऑपेरा हाऊस-लॅमिंग्टन रोडकडील दुकानांत ह्या गाडीचे भाग खपत आणि गल्लोगल्लीं तिचे जाणते मिस्त्री मिळत. तें गिऱ्हाईक नाहींसें झाल्यावर नवा आंस मिळविणें सोपें राहिलेलें नाहीं. आणि म्हणूनच “आहे तोच जोडून देतों” असें कोणी म्हटलें कीं तें पटूं लागतें. अशा वेळीं चार दुकानें अधिक हिंडावें, किंवा भंगारांतल्या गाडीचा आंस घेऊन तो वर सांगितलेल्या कसोट्यांस लावावा. आणि तोहि न मिळाल्यास मिळेपर्यंत गाडी दारांत उभी ठेवावी.

जुनी वस्तु जपणें हा आपल्या कुटुंबांचा चांगला संस्कार आहे. पण जपावयाची ती वस्तु माणसांसाठीं, हा क्रम मात्र सुटतां कामा नये. गाडीचा रंग उडाला, गादी फाटली, दार करकरलें, तरी तें पुढच्या दिवाळीवर ढकलतां येईल. आंसाचें काम मात्र पुढच्या प्रवासावरहि ढकलूं नये.