स्वभाव की आजार?

फराळ, आठवणी आणि प्रवासवर्णनं यांच्यामध्ये हा विषय थोडा बेसूर वाटेल, याची मला कल्पना आहे. पण नेमका सणासुदीलाच एक प्रश्न मला दरवर्षी छळतो: बाकीचे लोक आनंदी राहतात तरी कसे? मंडळाच्या कार्यक्रमात आकाशकंदील लावताना, फोटोला उभं राहताना तुम्हाला जे सहज जमतं, ते मला ओढून आणावं लागतं. अगदी कळायला लागल्यापासून.

'अबोल आहे', 'तिचा स्वभावच तसा', हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. एम.ए. झालं, साताऱ्याला हायस्कूलमध्ये मराठी शिकवू लागले, लग्न करून इंग्लंडला आले, मुलगी झाली. सगळं वेळच्या वेळी झालं, तरी सकाळी डोळे उघडले की मनावर ओझं असायचंच. इथे आल्यावर नातेवाईक म्हणू लागले, "तिकडच्या हवेने होतं तसं." डिसेंबरात इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि त्या अंधाराने पुष्कळांचं मन खरोखरच मलूल होतं. पण माझं ओझं साताऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हातही होतं.

शिक्षिका असताना एक गोष्ट अनेकदा पाहिली. एखादं मूल फळ्याकडे न बघता शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं. विचारलं तर म्हणतं, "दिसतंय की, बाई." ते खोटं बोलत नसतं. पहिल्यापासून अंधूकच दिसत असेल, तर फळा सगळ्यांना असाच दिसतो असं त्याला वाटणार. आयुष्यभराच्या उदासीचंही तसंच आहे. आजारी पडलेल्या माणसाला आधीचं बरं असणं आठवतं. मला तसं 'आधी' नव्हतंच, मग तुलना कशाशी करणार?

वैद्यकशास्त्रात याला नाव आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानाच्या पुस्तकात 'डिस्थायमिया' हा शब्द घेतला. २०१३ च्या आवृत्तीत तो 'पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर' झाला. मोठ्या माणसाचं मन किमान २ वर्षं, बहुतेक दिवस खचलेलं असणं, ही त्याची मुख्य खूण. असा माणूस स्वयंपाक करतो, मुलांना शाळेत सोडतो, पाहुण्यांशी हसून बोलतो. त्यामुळे घरच्यांनाही तो आजार न वाटता स्वभाव वाटतो.

जीपीने माझ्यापुढे ९ प्रश्नांचा एक कागद ठेवला. गेल्या २ आठवड्यांत काय काय वाटलं, याला ० ते ३ गुण द्यायचे, एकूण गुण २७. पहिलाच प्रश्न कामात रस न वाटण्याचा. तो वाचताना 'कशात मन लागत नाही' हे आपले साधे शब्द आठवले. आपल्या आज्या हे लक्षण ओळखून होत्या, त्यावर औषध असतं हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे मी शून्य लिहिलं नाही.

पुढे गोळ्या सुरू झाल्या. फरक जाणवायला काही आठवडे गेले. सोबत समुपदेशन होतं. तिथे शिकले की 'मन झालं की करू' म्हणून थांबायचं नाही. छोटंसं काम वेळ ठरवून करायचं, मन मागाहून येतं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता चालायला जाते, मन असो वा नसो. ओझं गेलेलं नाही, हलकं झालंय. यंदा चकलीची भाजणी भाजताना तिचा वास आला आणि तो आवडला. एवढीशी गोष्ट, पण मला ती नवी होती.

सुखी माणसाचा सदरा शोधणाऱ्या राजाच्या माणसांसारखं मी ओळखीच्या तिघींना विचारलंही, "तुम्ही आनंदी कशा राहता?" एक म्हणाली, रोज पूजा करते. दुसरी म्हणाली, कामात असते. तिसरी हसली, "अगं, मी असा विचारच कधी केला नाही." मला तिचं उत्तर सगळ्यात खरं वाटलं. ज्याचे डोळे चांगले आहेत, तो 'कसं बघायचं' हे कसं सांगणार? तेव्हापासून मी तो प्रश्न लोकांना विचारत नाही.

हे नावानिशी छापावं का, यावर घरी बरीच चर्चा झाली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे. "स्थळं विचारतील, घराण्यात आहे का म्हणून," अशी आईला काळजी. बहीणच म्हणाली, "ताई, छाप. हे वाचून जो मागे फिरेल, त्याच्याशी मला संसार करायचाच नाही."

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: 'एनएचएस टॉकिंग थेरपीज'कडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. ही सेवा मोफत आहे आणि दुभाषाही मागता येतो. मन फारच खचलं तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. भारतातल्या आप्तांसाठी सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

आणि आप्तांना एक विनंती. "तुला काय कमी आहे?" असं विचारू नका. त्याचं उत्तर आम्हालाही सापडत नाही, उलट अपराधी वाटतं. त्यापेक्षा "जेवलीस का?" विचारा, किंवा "चल, मीही येते चालायला" म्हणा.

फराळाला बोलावलंत तर मी नक्की येईन. कदाचित लवकर निघेन, तेव्हा रागावू नका. चकल्या मात्र मीच आणते. शुभ दीपावली!