इंदूर : प्लॉट घेताय? कॉलोनायझरने निगमकडे काय गहाण ठेवलंय, ते आधी बघा

इंदूर : सियागंज ही रेल्वे स्टेशनजवळची जुनी घाऊक किराणा पेठ. समजा, इथल्या दुकानात काम करणाऱ्या एकाने पै-पै साठवून शहराबाहेर प्लॉट बघितला. दलाल म्हणतो, ‘रस्ता, नाली, लाईट, सगळं होणार.’ पण करणार कोण आणि कोणाच्या पैशातून?

पैसा कोण भरतो?

मध्य प्रदेशात कॉलनी पाडणाऱ्याला ‘कॉलोनायझर’ म्हणतात. त्याला नोंदणी आणि विकास परवानगी घ्यावी लागते. कॉलनीतले रस्ते, गटार, पाणी, वीज त्याने स्वतःच्या खर्चाने करायची. शिवाय नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, ठरलेली शुल्कं भरायची. दुर्बल घटकांसाठी प्लॉट राखून ठेवायचे. नियमात बसत असेल तिथे त्याऐवजी ‘आश्रय शुल्क’ द्यायचं. हा पैसा गरिबांच्या निवाऱ्यासाठी असतो.

काम अर्धवट सोडलं तर?

म्हणूनच २५ टक्के प्लॉट निगमकडे गहाण राहतात. काम झालं की ते सुटतात. कॉलोनायझर पळालाच, तर ते विकून निगमने उरलेलं काम करायचं. ही गहाणवट म्हणजे प्लॉटधारकाची ढालच.

महाराष्ट्रात काय?

तिथे प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली विकास शुल्काची तरतूद आली. बांधकाम परवानगीच्या वेळी ते भरावं लागतं. हा पैसा वेगळा ठेवून सार्वजनिक सुविधांवरच खर्च करायचा, असा कायदा आहे. त्यामुळे ‘आमच्या भागातून किती आले, कुठे लागले?’ हे माहिती अधिकारात विचारता येतं. निगमलाही हाच प्रश्न विचारा.

अवैध कॉलनीत फसगत कशी होते?

तिथे परवानगी नाही, शुल्क नाही, गहाण प्लॉटही नाहीत. दलाल पैसे घेऊन मोकळा. पुढे कॉलनी नियमित करायची वेळ आली की विकासाचा खर्च रहिवाशांच्या गळ्यात पडू शकतो. म्हणजे रस्त्याचे पैसे दोनदा: एकदा प्लॉटच्या भावात, एकदा निगमला.

बयाणा देण्यापूर्वी चार कागद मागा : कॉलोनायझरची नोंदणी, विकास परवानगी, रेरा क्रमांक आणि गहाण प्लॉटची यादी. त्या यादीत आपलाच प्लॉट निघाला, तर तो सुटल्याचा कागद हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.